उलटणारें घड्याळ

पस्तीस वर्षें शाळेंत खडू झिजवून निवृत्त झालेल्या, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका मास्तरानें लाखों रुपये किंमतीच्या मनगटी घड्याळांवर बोलावें, हें आपणांस चमत्कारिक वाटेल. मलाहि तें वाटतेंच. ज्या घड्याळांविषयीं आज मी बोलणार आहें, त्यांपैकीं एकहि माझ्या मालकीचें नाहीं, आणि पुढें होईल असाहि संभव नाहीं. परंतु निबंध तपासणाऱ्यानें तो निबंध स्वतः लिहिलेला असावा लागत नाहीं, हा अधिकार आम्हां शिक्षकांना परंपरेनें मिळालेला आहे. त्याच्याच बळावर आज चार शब्द सांगावयास उभा आहें.

गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. फराळ झाल्यावर त्यानें खिशांतून रुमालाची एक घडी काढली आणि ती माझ्यापुढें उलगडली. आंत एक लहानसें, लांबट चौकोनी, पोलादी घड्याळ होतें. हल्लीं मनगटावरचीं घड्याळें इतकीं मोठीं झालीं आहेत कीं, प्रथम मला तें एखाद्या स्त्रीचेंच वाटलें. तबकडी, म्हणजे आपण जिला डायल म्हणतों ती, मुळांत रुपेरी असावी. आतां ती जुन्या पोस्टकार्डासारखी पिवळी पडली होती आणि कडेनें तपकिरी ठिपके उठले होते. तिच्यावर एकच शब्द होता : रिव्हर्सो. विद्यार्थ्यानें अंगठ्यानें घड्याळ एका बाजूला सरकविलें, तों तें आपल्या चौकटींतल्या चौकटींत गर्रकन् उलटलें. कांच खालीं गेली आणि पोलादी पाठ वर आली. पाठीवर दोन इंग्रजी अक्षरें व १९३४ हें साल कोरलेलें होतें.

त्याचे आजोबा एका संस्थानाच्या पागेवर दारोगा होते. पोलोच्या घोड्यांची निगा त्यांच्याकडे असे. तेथें खेळावयास येणाऱ्या एका गोऱ्या अधिकाऱ्यानें विलायतेस परत जातांना हें घड्याळ त्यांना दिलें. अक्षरें त्या साहेबाच्या नांवाचीं. घरांत अशी आठवण सांगतात कीं, दरबाराच्या दिवशीं आजोबा घड्याळ उलटें करून, तीं अक्षरें वर ठेवून, हातास बांधीत. १९४७ च्या ऑगस्टनंतर मात्र तीं अक्षरें त्यांच्या मनगटावर पुन्हा कधीं वर आलीं नाहींत.

हें सांगून विद्यार्थ्यानें आपला बेत माझ्यापुढें ठेवला. तबकडी नव्यानें रंगवून घ्यावयाची, केसला चकचकीत पॉलिश करावयाचें, साहेबाचीं अक्षरें घांसून काढावयाचीं आणि त्या जागीं आजोबांचें नांव घालावयाचें. मग त्यानें आपला डावा हात पुढें केला. त्यावर दुसरें तसेंच, पण नवें कोरें घड्याळ होतें. एका मित्राकडून आठ दिवसांकरितां मागून आणलेलें. "हें पाहा, सर. कंपनीनं २०११ सालीं तेंच घड्याळ पुन्हा काढलं. आपलं असं दिसायला हवं."

"आठ दिवस दोन्हीं माझ्याकडे ठेव," मी म्हणालों, "मग बोलूं."

घड्याळें उघडून पाहण्याचा मला लहानपणापासून नाद आहे, हें त्याला ठाऊक होतें. शाळेंतलें घंटेचें घड्याळ बंद पडलें कीं शिपाई मलाच हांक मारी.

आतां हें घड्याळ उलटावें तरी कशासाठीं? त्याचा उगम आपल्याच देशांत आहे, असें कंपनी सांगते. पोलो हा खेळ इंग्रजांनीं मणिपूरच्या लोकांपासून उचलला. सिल्चर येथें १८५९ मध्यें आणि कलकत्त्यास १८६२ मध्यें त्यांचे क्लब निघाले. भरधांव घोड्यावरून काठीनें चेंडू मारावयाचा हा खेळ. त्यांत मनगटावरच्या घड्याळाची कांच टिकणार किती? १९३०–३१ च्या हिवाळ्यांत सेझार द त्रे नांवाचे घड्याळांचे व्यापारी हिंदुस्थानांत आले असतां, पोलो खेळणाऱ्या अधिकाऱ्यांनीं फुटक्या कांचेचें घड्याळ त्यांना दाखविलें आणि हा मार सोसेल असें कांहीं करून दाखवा, असें सांगितलें, अशी ती हकीकत आहे. द त्रे यांनीं ही गोष्ट स्वित्झर्लंडमध्यें जू खोऱ्यांतील कारखानदार जाक-दाविद लकूल्त्र यांच्या कानीं घातली. त्यांतून रने-आल्फ्रेद शोव्हो या फ्रेंच अभियंत्याकडे काम गेलें, आणि ४ मार्च १९३१ रोजीं पॅरिस येथें पेटंटसाठीं अर्ज दाखल झाला. ज्या कंपनीला आज जग जेगर-लकूल्त्र म्हणून ओळखतें, तिचें तें जोडनांव पुढें १९३७ सालीं ठरलें.

युक्ति अगदीं साधी दिसते. एक बैठक मनगटाला पट्ट्यानें बांधलेली असते. तिच्यावर घड्याळाची केस खोबणींत बसविलेली. ही केस टेबलाच्या खणाप्रमाणें आडवी सरकते, आणि सरकून टोंकाला आली कीं पाळण्याप्रमाणें आंसाभोंवतीं फिरते. पुरी उलटल्यावर परत सरकवा, खटकन् जागच्या जागीं बसते. खेळ सुरू होण्यापूर्वीं कांच आंत, पोलाद बाहेर. पोलादहि स्टेब्राइट नांवाचें, न गंजणारें. केसच्या वर आणि खालीं तीन-तीन आडव्या पन्हळी आहेत. मुंबईस मरीन ड्राइव्हवरून चालतांना त्याच सुमाराच्या इमारतींचे सज्जे पाहा. आडव्या रेघांची तीच हौस तेथें सिमेंटांत उतरलेली दिसेल. तो सबंध काळच जणूं पट्टी घेऊन बसला होता.

एक गंमत येथें सांगितली पाहिजे. पहिल्या रिव्हर्सोच्या पोटांतलें यंत्र लकूल्त्रचें नव्हतेंच. एवढ्या चिंचोळ्या चौकोनांत मावेल असें यंत्र त्यावेळीं त्यांच्याजवळ तयार नसल्यामुळें ताव्हान या दुसऱ्या कारखान्याचीं यंत्रें घालून सुरुवात झाली. घरचीं यंत्रें १९३३ पासून बसूं लागलीं. आजच्या पुनरावृत्तींत मात्र यंत्र कंपनीचें स्वतःचें असतें. म्हणजे अस्सलाच्या पोटांत उसनवारी, आणि नकलेच्या पोटांत घरचें! अस्सल कोणतें आणि नक्कल कोणती, हा प्रश्न घड्याळांत आपण समजतों तितका सरळ नसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांचें मन गोल घड्याळांवर बसलें आणि हें चौकोनी घड्याळ मागें पडलें. १९७२ सालीं इटलींतील एक विक्रेते, जॉर्जो कोर्व्हो, कारखान्यांत गेले असतां त्यांना रिव्हर्सोच्या सुमारें दोनशें रिकाम्या केस पडून असलेल्या आढळल्या. कंपनीला त्यांत रस नव्हता. कोर्व्हो यांनीं त्या घेतल्या, यंत्रें बसवून इटलींत विकावयास मांडल्या, आणि त्या पाहतां पाहतां संपल्या. माझ्या मतें ही पहिली पुनरावृत्ति आणि एका अर्थानें सर्वांत प्रामाणिक. कारण तिच्यांत केस जुन्याच होत्या, कोणी जुनेपणाचें सोंग आणलेलें नव्हतें.

पुढें १९८५ मध्यें केस नव्यानें आखली गेली. जुनी २३ भागांची होती, नवी ५५ भागांची झाली आणि पाण्याला अटकाव करूं लागली. ही सुधारणा कोणीहि मान्य करील. पावसाळ्यांत घड्याळ रुमालांत गुंडाळून शाळेंत जाणाऱ्या माझ्यासारख्याला तर तिचें मोल विशेष. पण १९९१ सालीं, साठाव्या वर्षाच्या निमित्तानें, गुलाबी सोन्याचीं जीं ५०० घड्याळें निघालीं, त्यांच्याविषयीं मात्र मला शंका आहे. त्यांत तारखेचा कांटा आहे. कमानींत किती चावी उरली हें दाखविणारा कांटा आहे. आणि आंतलें सोन्याचें यंत्र दिसावें म्हणून पाठीलाहि कांच बसविलेली आहे. कारागिरी उत्तमच असणार. पण जें घड्याळ कांच लपविण्यासाठीं जन्मलें, त्याच्या दोन्ही अंगांना कांच! आतां पोलोच्या चेंडूनें कोणत्या बाजूवर यावें, एवढाच प्रश्न उरला.

आतां २०११ च्या घड्याळाकडे येतों, कारण तें आठ दिवस माझ्या टेबलावर होतें. त्याचें नांवच १९३१ सालाला वाहिलेलें आहे. दोन्हीं घड्याळें शेजारीं ठेवून मी कंपासपेटींतली मोजपट्टी काढली. जुनें, पट्टा अडकविण्याच्या कानांसकट, ३८ मिलिमीटर लांब व २४ रुंद. नवें ४६ मिलिमीटर लांब, आणि रुंदी २७ हून थोडी अधिक. लांबीला रुंदीनें भागलें तर जुन्याचें उत्तर १.५८ येतें आणि नव्याचें १.६७ च्या आसपास. म्हणजे तें केवळ मोठें झालेलें नाहीं, अंगानें लांबटहि झालें आहे. जुन्याकडे पाहिल्यावर पोस्टाचें पाकीट आठवतें. नव्याकडे पाहिल्यावर दरवाजा.

परंतु बाकीच्या गोष्टींत या घड्याळानें मूळाची फार अदब राखली आहे. तबकडीवर कंपनीचें नांव घातलेलें नाहीं. जुन्याप्रमाणेंच एक शब्द, रिव्हर्सो. लाखों रुपयांची वस्तु करून तिच्यावर स्वतःचें नांव न घालणें, ही गोष्ट आजच्या दिवसांत लहान नव्हे. तासांच्या खुणा सपाट, छापलेल्या. कांटे सरळ. मिनिटांची पट्टी आगगाडीच्या रुळांसारखी. यंत्र हातानें चावी देण्याचें. रोज सकाळीं दूध तापेपर्यंत मी त्याला चावी देत असें, आणि एवढ्या दिवसांत माझ्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षां तें खात्रीनें अधिक बरोबर चाललें. जाडी सात मिलिमीटरांहून किंचित् अधिक. शर्टाच्या बाहींत सहज शिरतें. नंतर याच घड्याळाच्या काळ्या, तांबड्या व चॉकलेटी तबकड्यांच्या आवृत्त्या निघाल्या. दुकानांत नवें घ्यावयास तें आतां मिळत नाहीं. वापरलेलेंच शोधावें लागतें.

विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मी मुंबईस एका दुकानांतहि गेलों. तेथें दारावर पहारेकरी, आंत गालिचा, आणि विक्रेत्याच्या हातांत पांढरे मोजे. माझी मोजपट्टी बाहेर निघाली तेव्हां तो गृहस्थ जरा गोरामोरा झाला. पण सुस्वभावी होता, त्यानें मोजूं दिलें. त्या ठिकाणीं आजच्या दोन तऱ्हा पाहावयास मिळाल्या. कंपनीनें २०१६ सालीं रिव्हर्सोची नवी वर्गवारी केली, त्यांतलें एक कूळ ट्रिब्यूट आणि दुसरें क्लासिक.

ट्रिब्यूट म्हणजे मानवंदना. मला दाखविलें तें हिरव्या तबकडीचें, खालीं सेकंदाचा लहान कांटा असलेलें. ही हिरवी तबकडी २०२१ ची. श्रोतेहो, हें घड्याळ देखणें आहे, यांत वाद नाहीं. पावसाळ्यांतल्या आंब्याच्या पानावर जशी चकाकी असते तशी त्या हिरव्यावर होती. पट्टा अर्जेंटिनांतील कासा फाल्यानो या, पोलोचे बूट शिवणाऱ्या घराण्यानें आखलेला. पण मानवंदना कोणाला? तासांच्या खुणा वर चढविलेल्या, पैलू पाडलेल्या. कांटे भाल्याच्या पात्यासारखे, मधून उंचवटा असलेले. या तऱ्हेचे कांटे नंतरच्या काळांत, गोल घड्याळांबरोबर लोकप्रिय झाले. १९३१ च्या सपाट तबकडीशीं त्यांचें नातें नाहीं. शिवाय जाडी साडेआठ मिलिमीटर. आजोबांचा फोटो समोर ठेवून नातवाचें चित्र काढावें, तसा हा प्रकार आहे. चित्र सुरेख आहे. पण फोटोखालचें नांव त्याला देऊं नये.

क्लासिक हें तिसरें. त्याच्या तबकडीवर मधोमध बारीक नक्षी, आणि आंकडे इंग्रजी लेखी पद्धतीचे, वळणदार. कांहींत यंत्राऐवजीं बॅटरी असते. ती मी मोजदादींत धरीत नाहीं. आंकड्यांचें वळण जुन्याचें नव्हे, नक्षीहि नव्हे, आणि तरी मधल्या आकाराचें घड्याळ हातांत घेतांच मी थांबलों. मोजपट्टी लावली : ४० मिलिमीटर लांब, रुंदी २४ च्या वर किंचित्. विद्यार्थ्याच्या मनगटावर ठेवून पाहिलें. रुमालांतलें घड्याळ जसें बसत होतें, तसेंच हें बसलें. हाताच्या हाडांच्या आंत, कोठें बाहेर न डोकावतां. म्हणजे ज्या घड्याळानें चेहरा जपला त्यानें अंगकाठी सोडली, आणि ज्यानें अंगकाठी जपली त्यानें चेहरा बदलला. मला गुण द्यावयास सांगाल, तर चेहऱ्यासाठीं २०११ ला पहिला क्रमांक देईन, आणि स्वतः वापरावयाचें झालें तर क्लासिक घेईन. ट्रिब्यूटला दुसऱ्याच्या हातावर पाहणें मला आवडेल.

परत येतांना गाडींत विद्यार्थ्यानें विचारलें, "मग आजोबांच्या घड्याळाचं काय करायचं, सर? रंगारी ठरवला आहे." त्यावेळीं मला जें त्याला सांगावें लागलें, तें सांगण्यासाठींच खरें म्हणजे मी हें भाषण पत्करलें.

माझे वडील पुण्यास टपाल खात्यांत कारकून होते. त्यांच्याजवळ एक फॅव्हर-ल्यूबा होतें, लग्नांत मिळालेलें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें, तेव्हां तें त्यांच्या हातावर होतें. मी अगदीं लहान होतों. मला कडेवर घेऊन ते कमरेइतक्या पाण्यांतून बाहेर पडले. घड्याळ पुढें दुरुस्त झालें, पण तबकडीवर चारच्या खुणेखालीं ढगासारखा एक तपकिरी डाग राहिला. पुराची गोष्ट निघाली कीं वडील हात पुढें करून त्या डागावर बोट ठेवीत आणि म्हणत, "पाणी इथवर आलं होतं." मुलें हंसत. आम्हांला ती गोष्ट पाठ झाली होती.

१९८२ सालीं मला नोकरी लागली. पहिल्या पगारांत वडिलांना कांहीं द्यावें म्हणून मी त्यांना न सांगतां तें घड्याळ एका कारागिराकडे नेलें आणि तबकडी नवीन करून आणली. दुधासारखी पांढरी. नांवाचीं अक्षरें थोडीं जाड आलीं होतीं, तिकडे मीं दुर्लक्ष केलें. वडिलांनीं तें हातांत घेतलें, खिडकीशीं नेऊन बराच वेळ पाहिलें, आणि म्हणाले, "छान केलंस." मग कांहीं वेळानें, जरा खालच्या आवाजांत : "चारच्या खालीं होतं, तेवढं गेलं."

त्यानंतर ते अकरा वर्षें होते. घड्याळ रोज बांधीत. पुराची गोष्टहि सांगत. पण सांगतांना हात पुढें करीत नसत.

गाडींत विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मी त्याला एवढेंच आणखी सांगितलें कीं, ज्या कंपनीला नवें हवें तितकें करतां येतें, तिनेंच २०२३ पासून आपलीं जुनीं घड्याळें शोधून, दुरुस्त करून विकण्याचा उद्योग आरंभिला आहे. नवें जुन्यासारखें करण्याची विद्या तिच्याजवळ आहे. पण जुनें तें जुनेंच असावें लागतें, हें तिलाहि कळतें. त्यानें मान हलविली. पण त्याचें खरें शल्य दुसरेंच होतें.

"डागाचं पटलं, सर," तो म्हणाला, "पण साहेबाचीं अक्षरं? तींहि ठेवायचीं? आमच्या आजोबांच्या वस्तूवर?"

या प्रश्नाला माझ्याजवळ पुस्तकी उत्तर नव्हतें. त्याचा राग खोटा नव्हता. पागेवर तीस वर्षें राबलेल्या माणसाच्या नांवाला त्या घड्याळावर जागा नसावी, हें मलाहि टोंचत होतें. मी म्हणालों, "अरे, तीं अक्षरं घांसून टाकणं आजोबांना अवघड नव्हतं. कानस पागेंतच होती. त्यांनीं तीं घांसलीं नाहींत. त्यांनीं घड्याळ उलटवलं."

शेवटीं जें झालें तें असें. रंगाऱ्याला नको म्हणून कळविलें. जुन्या घड्याळाचें यंत्र साफ करून तेल दिलें, तडा गेलेली कांच बदलली, पट्टा नवा घातला. तबकडीला व पाठीला कोणी हात लावला नाहीं. पैसे जमवून विद्यार्थ्यानें यंदा पाडव्याला क्लासिक घेतलें, हातानें चावी देण्याचें. त्याची पाठ कोरी होती. तिच्यावर आजोबांचें नांव मोडींत घालावयाचें ठरलें, कारण आजोबा सही मोडींतच करीत. घरांत त्यांचें एक पत्र निघालें. त्यावरून अक्षरें मोठीं करून कागदावर काढून देण्याचें काम माझ्याकडे आलें. मोडी मी निवृत्तीनंतर शिकलेली, हात अजून बसलेला नाहीं. शेवटचें अक्षर थोडें तिरपें गेलें. कोरणाऱ्यानें तें जसेंच्या तसें, तिरपेंच कोरलें आहे.